राज्याभिषेकापूर्वी चार्ल्स हे ब्रिटनचे राजे नव्हते का, आणि पोर्तुगालच्या राजांचाही असा राज्याभिषेक होत असे का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. ८ सप्टेंबर २०२२ रोजी राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांचे निधन झाले त्याच क्षणी चार्ल्स राजे झाले, कारण तेथील कायद्यानुसार गादी कधीच रिकामी राहत नाही. ६ मे २०२३ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये झालेला सोहळा हा शपथ, पवित्र तेलाचे लेपन आणि मुकुटधारण यांचा धार्मिक विधी होता. त्यामुळे त्यांच्या अधिकारांत कसलीही भर पडली नाही. आठवा एडवर्ड १९३६ साली जेमतेम ११ महिने गादीवर होता आणि अभिषेकाआधीच त्याने राज्यत्याग केला, तरी राजांच्या नामावळीत त्याचे नाव आहेच.

दुसरा प्रश्न गोव्यात राहणाऱ्या माझ्यासारख्याला अधिक जवळचा वाटतो. स्पेनच्या राजांच्या ६० वर्षांच्या अमलानंतर १६४० साली ब्रागांसाचा ड्यूक चौथा जुआंव या नावाने पोर्तुगालच्या गादीवर आला, आणि १६४६ साली त्याने राज्याचा मुकुट व्हिला व्हिसोझा येथील कन्सेप्शन सायबिणीला, म्हणजे येशूची माता मरिया हिला, अर्पण करून तिला राज्याची रक्षणकर्ती मानले. (पणजीच्या चर्चमध्ये ८ डिसेंबरला जिचे फेस्त असते, ती हीच सायबीण.) त्यानंतर पोर्तुगालच्या राजांनी मुकुट मस्तकी धारण केला नाही, त्यांच्या चित्रांतही तो बहुधा शेजारच्या मेजावर ठेवलेला दिसतो. राजा शपथ घेई आणि जमलेले मानकरी व प्रजाजन त्याच्या नावाचा जयघोष करीत, एवढ्यावर राज्यारोहण पूर्ण होई. नेपोलियनच्या सैन्यामुळे दरबार ब्राझीलला गेलेला असल्याने सहाव्या जुआंवचा जयघोष तर १८१८ साली रिओ दि जानेरो येथे झाला. ५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले, म्हणजे गोव्यातील पोर्तुगीज सत्तेची अखेरची ५१ वर्षे राजाविनाच गेली, हे आपल्याकडे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

माझ्या मते, ज्याच्या अधिकाराविषयी इतरांना शंका असते त्याच्याच बाबतीत अभिषेकाला खरे राजकीय वजन येते, आणि याचे सर्वांत ठळक उदाहरण रायगडावरचे आहे. डिचोलीजवळील नार्वे येथील सप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली करविला. म्हणजे राज्यकर्त्याची कर्तव्ये ते अभिषेकाच्या कितीतरी आधीपासून पार पाडत होते. तरीही आदिलशाही आणि मोगल दरबारांच्या लेखी ते बंडखोर जहागीरदारच होते. ६ जून १६७४ रोजी गागाभट्टांच्या पौरोहित्याखाली झालेल्या विधीने त्या समजुतीला जाहीर उत्तर दिले. महाराजांनी छत्रपती हे पद धारण केले, स्वतःच्या नावाची नाणी पाडली आणि राज्याभिषेक शक सुरू करून राज्याच्या कागदपत्रांत तो वापरात आणला.