उघडलेला चीजचा ठोकळा फ्रिजमध्ये कडक न होता, बुरशी न धरता कसा टिकवायचा?

बटर पेपरमध्ये गुंडाळून झाकणाच्या डब्यात घाला आणि फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. दारात नको, तिथे सततच्या उघडझापीने गारवा टिकत नाही. उघड्या चीजच्या कडा सुकून गडद पिवळ्या, चिवट होतात. नुसत्या प्लॅस्टिकमध्ये आवळलं तर आत घाम धरतो आणि बुरशीला आयतंच फावतं. कापायला सुरी कोरडीच घ्या. चेडरसारख्या घट्ट चीजवर बुरशीचा ठिपका दिसलाच तर भोवतालचा आणि खालचा निदान अडीच सेंटिमीटर भाग काढून टाका (सुरी बुरशीला लागू न देता), उरलेलं खाता येतं. पनीर, ताजं मोझरेला, किसलेलं चीज किंवा स्लाइस यांना मात्र ही सवलत नाही, ते सरळ फेकायचं.