ईपीसीचं अक्षर आणि त्याखालच्या ओळी

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला १९३०च्या सुमाराचं घर विकत घेतोय. त्याची ईपीसी (एनर्जी परफॉर्मन्स सर्टिफिकेट, म्हणजे घराच्या ऊर्जावापराचा दाखला) २०१७ची आहे, श्रेणी डी, गुण ५८. भिंती आणि लॉफ्ट (छपराखालचा माळा) दोन्हींपुढे ‘इन्सुलेशन नाही, असं गृहीत’ (म्हणजे ऊब अडवणारा थर नाही) हा शेरा आहे. मालक म्हणतात, दोन्ही कामं कधीच झालीत. खरं काय मानायचं?

उत्तर : दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. दाखल्यासाठी घर तपासणारा असेसर भिंत फोडून बघत नाही. लॉफ्टचं झाकण उघडलं नाही किंवा वर फळ्या ठोकलेल्या असल्या, तर तो बांधकामाच्या काळावरून अंदाज करतो आणि ‘गृहीत’ लिहून मोकळा होतो. म्हणून अक्षरापेक्षा त्याखालच्या ओळी वाचा.

आधी बाहेरून विटा बघा. सगळ्या विटांची लांब बाजूच दिसत असेल, तर भिंत बहुधा दुहेरी, मधे पोकळी असलेली. लांब-आखूड बाजू आलटून पालटून दिसत असतील, तर भिंत भरीव, आणि मग ‘पोकळीत इन्सुलेशन भरलंय’ हा दावाच टिकत नाही. पोकळी भरली असेल तर विटांच्या सांध्यांत ठरावीक अंतरावर साधारण २५ मिमीची, वेगळ्या रंगाच्या मसाल्याने बुजवलेली भोकं दिसतात. मालकाकडे कामाचं हमीपत्र किंवा पत्त्यासकट बिल मागा. नुसत्या तोंडी सांगण्यावर कुठलाही असेसर गुण देत नाही.

लॉफ्टमध्ये स्वतः पट्टी घेऊन चढा. हल्लीची शिफारस २७० मिमीची आहे: तुळयांच्या मधे १००, त्यावर आडवा १७०चा थर. वर सपाट फळ्या ठोकल्या असतील तर खाली जेमतेम १०० मिमी मावतं, आणि दाबलेली इन्सुलेशनची लोकर फारशी कामाची राहत नाही. फळ्या हव्याच असतील तर त्या उंच पायांवर बसवाव्या लागतात. छताच्या कडेला हवेसाठी सुमारे ५० मिमी फट मोकळी ठेवा; ती बुजवली की वर दमट होऊन लाकडाला बुरशी धरते. पाण्याच्या टाकीला बाजूंनी आणि वरून गुंडाळा, खालून नको. खालची ऊब लागली नाही तर थंडीत टाकी गोठते. जाड वायर लोकरीत गाडू नका, तापते. आणि आपल्या घरांत फोडणी, कुकर, भात रोज असतो. घर घट्ट केलं की ती वाफ बाहेर काढणारा पंखा आधी नीट चालायला हवा.

ईपीसी १० वर्षं चालते, त्यामुळे ही २०२७मध्ये संपेल. सरकारी संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की शेजारच्या घरांचे दाखलेही फुकट दिसतात. त्याच रांगेतल्या तशाच घराला सी, म्हणजे ६९ किंवा जास्त गुण असतील, तर ते कशामुळे मिळाले ते ओळीओळीने ताडून बघा. घासाघीस करायला यासारखं हत्यार नाही.

प्रश्न : लंडनमधला आमचा छोटा फ्लॅट भाड्याने द्यायचाय. ईपीसी एफ, गुण ३६. जुने इलेक्ट्रिक पॅनेल हीटर काढून नवे ‘स्मार्ट’ हीटर लावले तर चालेल का?

उत्तर : पैसे वाया जातील. गुण ठरतात ते प्रत्येक चौरस मीटरमागच्या इंधनखर्चावरून, आणि पॅनेल हीटर जुना असो की नवा, तो दिवसाची महाग वीजच खातो. फरक पडतो रात्रीच्या स्वस्त विजेवर तापून ठेवणाऱ्या स्टोरेज हीटरने, तेही दुहेरी दराचं मीटर असेल तरच. असेसर मीटर बघतो. गरम पाण्याच्या टाकीला ८० मिमीचं जॅकेट आणि सगळीकडे एलईडी ही स्वस्त कामं आधी उरका. भाड्याने द्यायला किमान ई श्रेणी लागते; तिच्यासाठी तुम्हाला ३९ गुण, म्हणजे आणखी तीनच गुण हवेत.

इंग्लंड-वेल्समध्ये १ एप्रिल २०२०पासून चालू भाडेकरारांनाही किमान ई लागते. नियम मोडल्यास घरामागे ५,००० पौंडांपर्यंत दंड होतो. मात्र मालकाच्या खर्चाला व्हॅटसकट ३,५०० पौंडांची मर्यादा आहे. त्यात होण्यासारखं सगळं करूनही ई आली नाही, तर नियमातून सूट नोंदवता येते. ती ५ वर्षं टिकते, पण नोंदवल्याशिवाय आपोआप मिळत नाही. फ्लॅट लीजवर असेल तर कामाला इमारतमालकाची संमती लागते का, ते करारात बघा. नकार आला तर तो लेखी घ्या, त्यावरही सूट मागता येते. भाड्याच्या घरांसाठी २०३०पर्यंत सीचा निकष आणण्याचा प्रस्ताव सरकारने मांडला होता, तेव्हा जेमतेम ई गाठून थांबू नका.

प्रश्न : पुण्यात फ्लॅट घेताना असा दाखला मागता येतो का?

उत्तर : मागता येतो, पण देण्याची सक्ती नाही. महारेराची नोंदणी म्हणजे ऊर्जेचा दाखला नव्हे. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोची घरांसाठी १ ते ५ ताऱ्यांची योजना २०१९पासून आहे, ती ऐच्छिक. बिल्डर ‘ग्रीन’ म्हणाला तर तारे किती, हे विचारा. शिवाय पश्चिमेच्या भिंतीला खिडकी किती मोठी आहे आणि वर सज्जा आहे का, ते दुपारी चार वाजता जाऊन बघा.