डीएनए रोज बिघडतो, रोज दुरुस्त होतो: वाचकांचे प्रश्न

डीएनएचा शोध वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३मध्ये लावला, असं मी पाठ केलंय. क्लासचे सर म्हणतात, मीशर. परीक्षेत काय लिहू?
– बारावीची विद्यार्थिनी, गिरगाव

सरांचं बरोबर आहे. फ्रीडरिश मीशर हे स्विस संशोधक १८६९मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेनला काम करत होते. शस्त्रक्रियेच्या दवाखान्यातून जखमांवरच्या पुवाने भरलेल्या पट्ट्या ते मागवून घ्यायचे. पुवात पांढऱ्या पेशी भरपूर असतात. पट्ट्या धुऊन त्या पेशी वेगळ्या करायच्या, मग डुकराच्या जठरातल्या पेप्सिनने त्यांतली प्रथिनं पचवून टाकायची, असा त्यांचा खटाटोप. मागे जे उरलं त्यात फॉस्फरस खूप होता आणि प्रथिनांत सापडणारा गंधक नव्हता. मीशर यांनी त्याला 'न्यूक्लिइन' म्हटलं. तोच आपला डीएनए. आनुवंशिक गुण तोच वाहून नेतो, हे ॲव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी यांनी १९४४मध्ये दाखवलं. वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३मध्ये मांडली ती त्याची रचना.

रचनेबद्दल लिहिशील तेव्हा रोझलिंड फ्रँकलिन यांचं नाव लिहायचंच. लंडनच्या किंग्ज कॉलेजात १९५२च्या मे महिन्यात त्यांच्या मार्गदर्शनाखाली रेमंड गॉसलिंग यांनी घेतलेलं क्ष-किरण चित्र, क्रमांक ५१, फ्रँकलिनना न विचारता वॉटसनना दाखवलं गेलं. १९५८मध्ये, ३७व्या वर्षी, फ्रँकलिन कर्करोगाने गेल्या. नोबेल १९६२मध्ये वॉटसन, क्रिक आणि किंग्ज कॉलेजातलेच त्यांचे सहकारी विल्किन्स यांना मिळालं. फ्रँकलिनचं नाव नसलेलं उत्तर मी तरी अपुरं धरेन.

एका पेशीत दोन मीटर डीएनए असतो म्हणे. एवढ्याची नक्कल कशी होते? चुका होत नाहीत का?
– निवृत्त बँक कर्मचारी, मुलुंड

होतात. पण आधी नक्कल कशी होते ते पाहू. डीएनएच्या दोन साखळ्या चार रासायनिक अक्षरांच्या बनलेल्या; त्यांत ॲडेनिनसमोर थायमिन आणि ग्वानिनसमोर सायटोसिन अशी जोडी ठरलेली. त्यामुळे दोन साखळ्या सुटल्या की प्रत्येक जुन्या साखळीवरून तिची नवी जोडीदार तयार करता येते. मेसेल्सन आणि स्टाल यांनी १९५८मध्ये हे फार देखण्या प्रयोगाने सिद्ध केलं. जिवाणू आधी जड नायट्रोजनवर वाढवले, मग हलक्यावर. एका पिढीनंतरचा डीएनए ना जड निघाला ना हलका, बरोबर मधला. म्हणजे प्रत्येक रेणूत एक साखळी जुनी, एक नवी.

माणसाच्या पेशीत हे काम एका ठिकाणी सेकंदाला पन्नासेक अक्षरांच्या गतीने चालतं. एकाच जागेपासून सुरुवात केली असती, तर वर्षं लागली असती. म्हणून हजारो ठिकाणी एकदम सुरुवात होते आणि आठेक तासांत उरकतं. नक्कल करणारं पॉलिमरेज हे एन्झाइम लाखात साधारण एक अक्षर चुकीचं लावतं, पण बहुतेक वेळा लगेच मागे येऊन ते काढतं. त्यातूनही निसटलेल्या चुका दुसरी यंत्रणा हुडकते. शेवटी सुमारे शंभर कोटी अक्षरांत एखादीच चूक राहते. ही दुसरी यंत्रणा जन्मतः अधू असेल, तर लिंच सिंड्रोम होतो आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो.

मासळी सुकवताना दिवसभर उन्हात असते. 'डीएनए रिपेअर' क्रीम घेऊ का?
– वेसावे कोळीवाडा

ताई, त्यावर पैसे घालवू नका. उन्हातल्या अतिनील किरणांनी शेजारशेजारचे दोन थायमिन एकमेकांना चिकटतात आणि साखळी तिथे वाकते. पेशी तो बाक ओळखते, तीसेक अक्षरांचा तुकडा कापून काढते आणि समोरच्या साखळीवरून वाचून जागा भरते. सावळ्या कातडीतलं मेलॅनिनही बरेच किरण अडवतं. डोक्यावर पदर, लांब बाह्या आणि भर दुपारी सावली, एवढं सांभाळा.

आई वर्षानुवर्षं मिश्री लावते. 'शरीर आपलं आपण दुरुस्त करतं' म्हणते.
– लालबाग

आईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. काहीही न करता, नुसत्या पाण्याने आणि शरीराच्या उष्णतेने, प्रत्येक पेशीतल्या डीएनएमधून रोज हजारो अक्षरं गळतात आणि ती पुन्हा बसवली जातात. टोमास लिंडाल यांना मॉड्रिच आणि सँकार यांच्याबरोबर २०१५चं नोबेल मिळालं ते अशाच दुरुस्तीच्या कामासाठी.

मिश्री म्हणजे भाजून कुटलेला तंबाखू. त्यातल्या नायट्रोसामाइन या घातक रसायनांमुळे ग्वानिनला मिथाइल हा अणूंचा एक छोटा गट चिकटतो. तो तसाच राहिला, तर नक्कल करताना समोर सायटोसिनऐवजी थायमिन लागतो, आणि ती चूक पुढे कायमची होते. तो गट काढणारं प्रथिन आपल्याकडे आहे. पण ते तो स्वतःच्या अंगावर घेतं आणि त्याच क्षणी निकामी होतं. एका बिघाडाला एक अख्खं प्रथिन खर्ची पडतं, आणि पेशीला ते पुन्हा नव्याने बनवावं लागतं. दिवसातून तीन-चार वेळा मिश्री लावल्यावर हा हिशोब कसा जुळणार? निसटलेली एखादी चूक पी५३सारख्या, पेशींची बेसुमार वाढ रोखणाऱ्या जनुकात पडली, तर कर्करोगाची वाट मोकळी होते.

आईंवर रागावू नका. ही सवय सुटायला अवघड असते. तंबाखूच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा क्रमांक मोफत आहे, त्यावर त्यांना बोलायला लावा. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन आठवड्यांत न भरणारा व्रण असला किंवा तोंड पूर्वीइतकं उघडेनासं झालं, तर वाट बघू नका. टाटा आणि केईएम, दोन्ही तुम्हाला परळला, हाकेच्या अंतरावर आहेत.