पवना धरणावर गळाने पकडून परत सोडलेला मासा जगला की नाही, हे कसं ओळखायचं?

नुसता पोहत गेला म्हणजे जगला असं नाही. काही मासे पुढच्या एक-दोन दिवसांत आपल्या नजरेआड मरतात. सोडण्याआधी पाण्यातच त्याला हळूच उलटा करा, धडधाकट मासा लगेच सुलटा होतो. शेपटी धरली की झटका देतो. अंग कलंडवलं तरी बुबुळ फिरवून डोळा पातळीत ठेवायला बघतो. यातलं काहीच झालं नाही तर आशा कमी. मत्स्यशास्त्रज्ञही याच प्रतिक्षिप्त क्रिया तपासतात, शिवाय सोडायचे मासे काही दिवस जाळीच्या पिंजऱ्यात ठेवून किती मेले ते मोजतात. सोबत गळाने न पकडलेलेही ठेवतात, कारण पिंजऱ्याच्या ताणानेही मासा मरतो. सगळ्यात जास्त फरक पडतो तो गळ कुठे अडकला याने: ओठात असेल तर बहुधा निभावतं, कल्ल्यातून रक्त आलं तर अवघड. (घशातला गळ उपसू नका, दोरी कापा. आणि फोटोसाठी हवेत धरून बसू नका.) फक्त एप्रिल-मेमध्ये या खुणांवर फार विसंबू नका, कोमट पाण्यात प्राणवायू कमी, त्यामुळे तरतरीत दिसलेला मासाही दगावतो.