पांढऱ्या पेशी पुन्हा 100ने घटल्या, आता काय खाऊ?

पावसाळा सरत आला की डेंग्यूच्या तापातून उठलेली माणसं रिपोर्टांची चळत घेऊन माझ्यासारख्या आहार-समुपदेशकाकडे येतात आणि प्रश्न ठरलेला असतो: "पांढऱ्या पेशी कमी आहेत, काय खाल्लं की वाढतील?" विचारतात आहाराचं, पण झोप उडवलेली असते रिपोर्टात ठळक छापलेल्या आकड्याने. त्या आकड्याला माणसाने काय अर्थ चिकटवलाय ते आधी पाहायचं, ताटाकडे नंतर वळायचं, असं माझं मत आहे. अशा बऱ्याच जणांच्या बोलण्यातून, ओळख पुसून, ही एक हकीकत बांधली आहे.

ताई 46 वर्षांच्या, बँकेत नोकरी, शाकाहारी, वजन 54 किलो. ताप जाऊन तीन आठवडे झालेले. पाच वेळा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, केलेली; पांढऱ्या पेशी: 2,400, 2,900, 3,500, 3,700 आणि शेवटी 3,600.

"मॅडम, पुन्हा 100ने घटल्या. माझी प्रतिकारशक्तीच संपली."

"ताप गेल्यापासून किती वेळा आजारी पडलात?"

"तशी नाही... साधी सर्दीही नाही."

"मग संपली हे कशावरून?"

त्यांनी 3,600वर बोट ठेवलं.

पुढच्या भेटीत त्यांना पाचही रिपोर्ट तारखेने लावायला सांगितले आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने रक्त दिल्याची वेळ लिहायला. 3,700चं रक्त संध्याकाळी, बँकेतून धावत जाऊन दिलेलं. 3,600चं सकाळी सातला, शांतपणे बसून. पांढऱ्या पेशी सकाळी थोड्या कमीच असतात. धावपळ, ताण, भरपेट जेवण यांनी वाढतात. शिवाय एकाच नमुन्यात मशीनसुद्धा 100चा फरक दाखवू शकतं.

मग मोबाइलवर एक गुणाकार. साधारण मर्यादा 4,000 ते 11,000 असली तरी त्यांतल्या जंतूंशी पहिली झुंज देणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी किती, हे जास्त महत्त्वाचं. एकूण पेशी 3,600, न्यूट्रोफिल 52 टक्के, म्हणजे 1,872. "1,500च्या खाली गेल्या तर कमी म्हणतात," एवढंच मी सांगितलं. ताईंनी गुणाकार पुन्हा केला. मग तिसऱ्यांदा. "म्हणजे मी ज्याला घाबरत होते, तो आकडाच वेगळा होता?"

हे वाक्य मी त्यांच्या तोंडी घातलं असतं तर दारापर्यंतही टिकलं नसतं. हिशेब ज्याचा त्याने केला की भीती उतरते, धीराच्या शब्दांनी नाही.

डेंग्यूत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट पडतात आणि ताप गेल्यावर आपसूक चढतात. हाडांच्या आतली अस्थिमज्जा रोज सुमारे 10 हजार कोटी न्यूट्रोफिल तयार करते आणि रक्तात त्या जेमतेम दिवसभर टिकतात. एवढं मोठं काम बिटाच्या रसाने ना वाढतं ना थांबतं. कच्चा माल नसेल तर मात्र अडतं. म्हणून मी विचारलं, "रोज पोटात काय जातं?"

सकाळी गुळवेलीचा काढा, मग पपईच्या पानांचा रस, त्याने मळमळ, म्हणून नाश्ता नाही. दुपारी दोन पोळ्या आणि भाजी. रात्री मऊ भात, पातळ आमटी. वर जस्ताची 50 मिलिग्रॅमची गोळी, पट्टी संपली की नवी.

पेशी वाढवायच्या खटपटीत ताईंचं जेवणच बंद पडलेलं! प्रथिनं किलोमागे 0.83 ग्रॅम धरली तरी त्यांना 45 ग्रॅम हवीत. मिळत होती 30च्या आसपास. जस्ताचा डोस महिनोन्‌महिने जास्त राहिला तर तांब्याचं शोषण अडतं आणि तांबं कमी पडलं की पांढऱ्या पेशीच घटतात. ताईंच्या बाबतीत दोष डेंग्यूचाच, तरी डॉक्टरांना विचारून गोळी थांबवली. काढाही बंद. गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिला आक्षेप घेतला. हा वाद मिटेपर्यंत थकलेल्या यकृतावर प्रयोग कशाला?

ताट असं बसवलं. दोन्ही वेळा घट्ट वरण, माणशी 30 ग्रॅम कोरडी डाळ, म्हणजे प्रत्येक वेळी 7 ग्रॅम प्रथिनं. पातळ आमटीच्या वाटीत याच्या निम्मीही डाळ नसते. नाश्त्याला शिजवलेली मटकीची उसळ, दुपारी वाटीभर दही. रोज एक पेरू. दिवसभराचं सी जीवनसत्त्व त्यातच भागतं. पालेभाजीवर लिंबू पिळायचं ते भांडं खाली उतरवल्यावर, आणि चहा जेवणानंतर तासाभराने, नाहीतर लोह वाया जातं. भाजी उकडून पाणी ओतून देऊ नये, फोलेट हे रक्तपेशींना लागणारं जीवनसत्त्व त्याबरोबर जातं. बी-12 मात्र शाकाहारात दूधदह्यापलीकडे मिळत नाही. मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू असतील, किंवा रिपोर्टात एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, 100च्या वर असेल, तर बी-12ची तपासणी करून घ्यावी.

पुढची सीबीसी महिन्याने, त्याच लॅबमध्ये, सकाळीच. मधे एकही नाही. ही अट ताईंना काढा सोडण्यापेक्षा जड गेली. आकडा आला 4,800. श्रेय वरणाला द्यायला त्या निघाल्या होत्या, मी थांबवलं. बराचसा वाटा गेलेल्या दिवसांचा.

ताईंचं सगळ्यांना लागू नाही. न्यूट्रोफिल 1,000च्या खाली, किंवा हिमोग्लोबिन आणि प्लेटलेटही सोबत घटलेले, तोंडात वारंवार व्रण, वजन उतरतंय, गाठी लागतायत, रिपोर्टात 'ब्लास्ट' (अपरिपक्व पेशी) लिहिलंय: अशा वेळी समुपदेशकाकडे नाही, डॉक्टरांकडे जायचं. न्यूट्रोफिल 500च्या खाली आणि 100.4 अंश ताप असेल तर तडक रुग्णालय, मध्यरात्र असली तरी. थायरॉइडसाठीच्या कार्बिमाझोलने क्वचित न्यूट्रोफिल एकदम पडतात, म्हणून ती गोळी घेणाऱ्यांना ताप आला किंवा घसा दुखला तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन आणि त्याच दिवशी सीबीसी. केमोथेरपी चालू असलेल्यांनी कच्ची मोडं, उसाचा रस, गाडीवरची चटणी आणि अर्धवट उकडलेलं अंडं टाळायचं. त्यांच्यासाठी उसळ कुकरला नीट शिट्ट्या होऊनच ताटात यावी.