बुचांच्या स्टँडला भोक घट्ट की सैल?

तुम्ही विचारलंय की लेथवर कातलेली बाटलीची बुचं प्रदर्शनात मांडायला लाकडी स्टँड कसा करावा आणि बारा बुचांना फळी किती लांब लागेल. लांबीचं नंतर बघू. आधी भोक.

भोक सैल ठेवा. बुचाचा दांडा खांद्यापाशी (खांदा म्हणजे दांड्याच्या वरची रुंद कड) 20 मिलिमीटरचा असेल तर भोक 22चं पाडा. बूच खांद्यावर टेकलं पाहिजे, दांड्यावर आवळून नाही. आमचा दादा हे अजून मानत नाही.

दादा मिरजेत फर्निचरची कामं करतो, हात खरंच चांगला आहे. माझ्या पहिल्या स्टँडला भोकं त्यानंच पाडून दिली, आंब्याच्या फळीत, बरोबर 20ची. "ढिलं भोक म्हणजे शिकाऊ पोराचं काम," म्हणाला. मे महिना होता. बुचं अशी बसली की स्टँड उलटा केला तरी पडेनात, आणि दादानं तो खरोखर उलटा करून वहिनीला दाखवला. मी तेव्हाच विचारायला हवं होतं, प्रदर्शनात स्टँड उलटा कोण करतं?

ऑगस्टमध्ये सांगलीत टेबल मिळालं. ताडपत्रीचा मांडव, वरून गळतंय, खाली चिखल. तासगावकडचे एक बागायतदार काका थांबले. (आमच्याकडे द्राक्षं पिकवणारे ढीगभर, वाइन पिणारे मोजके. माझी निम्मी बुचं काकवीच्या बाटल्यांवर बसलीत.) त्यांनी शिसवीचं बूच धरून उचललं, तर सगळा स्टँडच वर आला. मग डाव्या हातानं फळी दाबली आणि पिळून ओढलं. टक्! मुंडी काकांच्या मुठीत, दांडा भोकात. काका बिचारे खिशात हात घालायला लागले. कुठल्या तोंडानं घेऊ पैसे?

दादाचं म्हणणं, पावसानं भोक आवळलं, त्याला मी काय करू. आणि मान (मुंडी नि दांड्यामधला भाग) तू बारीक कातलीस. मान बारीक होती, कबूल. पण भोक आवळत नाही हो! लाकूड दमट हवेत त्याच्या अंगच्या रेषांना आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणजे फळीतलं भोक आडवं उलट मोठं होतं आणि रेषांच्या दिशेनं आहे तेवढंच राहतं. बुचाच्या दांड्याच्या रेषा उभ्या, त्यामुळे तो चहूबाजूंनी फुगतो. एका दिशेला दोघं मिळून फुगले, दुसऱ्या दिशेला एकटा दांडा. तिथंच तो अडकला. घरी येऊन शेजारच्या रिकाम्या भोकाला व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावला, आडवं 20.3 आणि रेषांच्या दिशेनं 20. दादाला दाखवलं तर म्हणे, व्हर्नियर चायनाचा आहे. जानेवारीत हवा कोरडी झाली, दांडा आकसला आणि तोच तुटका दांडा आपोआप खाली पडला. त्यावर दादा, "बघ, सुटलं की नाही भोक?"

असो. लांबी. सहा-सहाच्या दोन ओळी करा, मागची ओळ पाचेक सेंटीमीटर उंच. मुंड्या 35-40 मिलिमीटरच्या असतील तर भोकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत 60 धरा, मधे बोट गेलं पाहिजे. कडेला 40-40 सोडले की प्रत्येक ओळीची फळी 38 सेंटीमीटर. जाडी 25 मिलिमीटर, भोक आरपार, आणि पाडताना खाली टाकाऊ फळी आवळून धरा, नाहीतर मागून चिपा उडतात. दांडा खाली टेकणार नाही एवढी पायांना उंची द्या.

लाकूड जुनं सागवान. माझा आताचा स्टँड 2019च्या पुरात भिजलेल्या एका दाराच्या फळीचा आहे. नीट वाळू दिली, मग रंधा मारला, अजून सरळ आहे. आंबा स्वस्त पडतो, पण फार हलतो, म्हणजे हवेप्रमाणे फुगतो-आकसतो.

हे सगळं मी एकसंध लाकडी बुचांचं सांगितलं, हे आधीच म्हणायला हवं होतं. तुमच्या बुचांना खाली स्टीलचा दांडा असेल तर तो फुगणार नाही. सिलिकॉनचा असेल तर घट्ट भोकात धरून बसतो, म्हणजे तिथंही सैलच.

आणि भोकाच्या आत पॉलिश चोपडू नका, थर चढला की भोक परत लहान होतं. जवसाचं तेल फडक्यानं पुसा, बास. दादा आतूनसुद्धा मेलामाइन पॉलिशचे तीन हात मारतो. मारू दे.