जुन्या ट्रकला नवा स्टिरिओ : वाचकांचे प्रश्न

आमच्या जुन्या टाटा १२१० ला दोन बॅटऱ्या आहेत, २४ व्होल्ट. वायरमन म्हणतो, एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढून स्टिरिओला देतो. चालेल का? – एक वाचक, कराड

वाजेल, पण तसं करू देऊ नका. सिरीजमधल्या, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या दोन्ही बॅटऱ्यांना चार्जिंग सारखंच मिळतं आणि स्टिरिओ मात्र एकीलाच खातो. ती कायम अर्धपोटी राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी आटवते आणि शेवटी दोन्ही बदलाव्या लागतात. २४ वरून १२ करणारा डीसी कन्व्हर्टर घ्या. ज्याच्या पाठीला दहा अँपिअरचा फ्यूज असतो अशा साध्या सेटला दहा अँपिअरचा कन्व्हर्टर पुरतो. खोक्यावरच्या ‘४ × ५० वॅट’वर जाऊ नका, तो जाहिरातीचा आकडा. कन्व्हर्टर तापतो, तेव्हा सीटखाली गोणपाटात न कोंबता उघड्या पत्र्याला बसवा.

डॅशबोर्डवर जुन्या रेडिओची दोन गोल भोकं आणि मधे छोटी खिडकी आहे. नवा सेट बसत नाही. पत्रा कापावा का? – नाशिक

नको. सिंगल डिन, म्हणजे आजच्या ठरावीक मापाच्या एकपट उंचीच्या सेटचं तोंड साधारण १८० × ५० मिलिमीटर असतं. तेवढं कापलं की मूळ डॅश गेला, आणि जुन्या गाडीत तोच शोधून मिळत नाही. दोन गोल भोकांत बसणाऱ्या दोन दांड्यांचे, जुन्या धाटणीचे पण ब्लूटूथवाले सेट मिळतात. ते घेण्याआधी डॅशमागे जागा किती खोल आहे ते मोजा, वायपरची लिंक आणि स्पीडोमीटरची केबल तिथेच आडवी येते. त्याहून सोपं म्हणजे छोटा ब्लूटूथ अ‍ॅम्प्लिफायर डॅशमागे लपवायचा आणि गाणी मोबाइलवरून लावायची. गोल मीटरांच्या शेजारी नऊ इंची स्क्रीन मला तरी बघवत नाही.

आजोबांचा १९५० च्या सुमाराचा फार्गो ट्रक आहे. ६ व्होल्ट, आणि बॉडीला बॅटरीचा प्लस जोडलेला! नवा स्टिरिओ कसा लावू? – पुणे

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या जमान्यातली गाडी, सांभाळून ठेवा. आजच्या स्टिरिओची बॉडी मायनस असते, अँटेनाच्या वायरची बाहेरची जाळीसुद्धा. म्हणून सेटची अर्थ वायर बाजूला ठेवून भागत नाही, अँटेना पत्र्याला टेकली की शॉर्ट. गाडी मूळ स्वरूपात ठेवायची असेल तर ६ वरून १२ करणारा ‘आयसोलेटेड’ कन्व्हर्टरच हवा, म्हणजे ज्याच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या तारांचा आपसात संबंध नसतो. साधा स्वस्तातला इथे चालत नाही. सेट लहानच घ्या, कारण तेवढ्याच वॅटला ६ व्होल्टवर दुप्पट करंट लागतो आणि त्या काळच्या डायनॅमोची ताकद बेताची. जुना स्पीकर एका वायरवर चालून दुसरी बॉडीला असेल, तर तीही पद्धत सोडा. नव्या सेटच्या स्पीकरची कुठलीच वायर बॉडीला लावायची नसते, अ‍ॅम्प जळतो.

एक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून शिट्टी येते. – सोलापूर

अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनवर चालून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचा आवाज आहे. वेगळा अ‍ॅम्प असेल तर त्याच्या आरसीए पिना, म्हणजे सेटमधून गाण्याचा सिग्नल आणणाऱ्या केबलच्या पिना काढून बघा. शिट्टी थांबली तर ती त्या केबलमधून येते, तेव्हा केबल पॉवरच्या वायरपासून लांब न्या आणि सेट व अ‍ॅम्पची अर्थ एकाच ठिकाणी, रंग खरवडून, घट्ट करा. तरीही राहिली तर पॉवरवर नॉइज फिल्टर लावा.

रात्रभर उभी राहिली की बॅटरी उतरते. – सांगली

स्टिरिओची लाल आणि पिवळी वायर एकत्र करून थेट बॅटरीला जोडली असणार. पिवळी कायम बॅटरीवर हवी, लाल किल्ली फिरवल्यावरच चालू व्हायला हवी. किल्लीच्या स्विचवर लाल जोडायला जागा नसेल तर लालला डॅशखाली एक साधा स्विच द्या, आणि दोन्हींना बॅटरीजवळ फ्यूज.